आधी पाठ बघणाऱ्या मोठ्या सिस्टर

मोठ्या सिस्टर वॉर्डात आल्या की पेशंटचं तोंड नंतर बघायच्या, आधी पाठ. छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या हॉस्पिटलात त्या मेट्रन होत्या, पण मेट्रनच्या खुर्चीत त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. “तोंड लाजंपायी ‘बरं हाय’ म्हणतं,” त्या म्हणायच्या, “पाठीला लाज नसती.”

बिडकीनच्या शेतकरी घरातल्या. आवाज असा, की त्या तिसऱ्या मजल्यावर बोलल्या तर तळमजल्यावरचा वॉचमन उठून उभा राहायचा. नवी मुलगी रुजू झाली की पहिल्याच दिवशी तिला रिकाम्या पलंगावर उताणं झोपवायच्या आणि हलायचं नाही म्हणून बजावायच्या. अर्ध्या तासात ती चुळबुळायला लागली की विचारायच्या, “कळलं का आता, कूस न बदलता दोन तास म्हंजी काय?” मीही त्या पलंगावर झोपले होते.

मग हॉस्पिटल नव्या मालकांकडे गेलं. खाली कारंजं आलं आणि वर वॉर्डातल्या सिस्टर निम्म्या झाल्या. कंत्राटी मुली यायच्या, शिकून तयार झाल्या की निघून जायच्या. प्रत्येकीच्या हातात टॅब. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलायची आणि टॅबवर हिरवी खूण करायची. खूण नसली की चौकट लाल, आणि जाब मोठ्या सिस्टरांना. तीस पेशंट आणि पाळीला आम्ही दोघी नर्स! माणसं वाढवा म्हणून त्यांनी किती अर्ज दिले. उत्तर एकच, “मॅडम, सिस्टिम समजून घ्या.” आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

शेवटी मीही न केलेल्या कामाच्या खुणा करू लागले. सोयगावचे एक आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेले. एका दुपारी मोठ्या सिस्टरांनी त्यांना कुशीवर घेतलं, तर माकडहाडावर पडून पडून झालेली ओली जखम. टॅबवर मात्र सगळं हिरवंगार.

“ह्ये हिरवं कुणी केलं, शबाना?”

“मी.”

वाटलं, गेली नोकरी. त्यांनी आधी जखम धुतली, ड्रेसिंग केलं, आजोबांची माफी मागितली, मलाही मागायला लावली. मग मला घेऊन थेट मॅनेजरांच्या केबिनमध्ये. “पोरगी चुकली, तिचं मी बघते. पण खरं लिहायला तुमी जागाच ठिवली नाय, त्याचं काय?”

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी वॉर्डाच्या टेबलावर एक जाड वही आणून ठेवली. जे झालं नाही ते तिच्यात कारणासकट लिहायचं: ‘कूस बदलली नाही. दोघीच होतो.’ तपासणीचं पथक आलं तेव्हा मॅनेजरांनी ती कपाटात ठेवायला सांगितली. सिस्टरांनी ती पथकापुढे उघडून ठेवली. आठवड्याच्या आत त्यांचा राजीनामा घेतला गेला आणि वही केबिनमध्ये गेली. हार नाही, निरोपाचे दोन शब्द नाहीत. ज्यांनी जन्मात एका माणसाची कूस बदलली नाही, त्यांनी या बाईवर शेरा मारला, ‘बदलाशी जुळवून घेता येत नाही’! संताप येणार नाही तर काय? जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, “पाठी बघत ऱ्हा.”

गेल्या सोमवारी मॅनेजरांनी मला बोलावलं. मेट्रनची जागा देतो म्हणाले आणि टॅब पुढे सरकवला. माझं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. तरी म्हटलं, “आधी ती वही परत द्या, मग बसते.”

अजून उत्तर आलेलं नाही. मी वॉर्डातच आहे. दुसरी वही आणली आहे, तिची चार पानं भरली.