अमेरिकेच्या गॅलनची कांजी

गॅलन या मापाचीच मला शिसारी आहे. पेट्रोलपंपावर कुणा म्हाताऱ्याने तो शब्द काढला तरी डोकं फिरतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. धामणकर नाक्यामागच्या लूमच्या शेडमध्ये मी कांड्यांवर सूत भरायचे आणि माझा दादा तिथेच कारीगर होता. शेजारी शेठचंच सायझिंग, म्हणजे लूमवर चढण्याआधी ताण्याच्या सुताला कांजी पाजायची जागा. कांजी पातळ पडली की सूत तटातट तुटतं.

शेठने कांजीसाठी अमेरिकेची पावडर आणली. डब्यावर पाण्याचं माप गॅलनमध्ये. सायझिंगचा मास्तर खूश! गॅलन म्हणजे साडेचार लिटर, इंग्रजांचं माप, शाळेपासून पाठ. एरवी हा माणूस कांजीची तार दोन बोटांत धरून बघायचा, मगच पुढचं काम. पण माल अमेरिकेचा, त्याला बोट कशाला लावायचं? शी, काय ती मिजास!

त्या कांजीचा पहिला बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, दादाच्या लूमवर चढला. इकडे गाठ मारावी तर तिकडे तुटतंय.

"तेरे हाथ में ही खोट है," शेठ ओरडला.

"शेठ, कांजीच पातळ हाय. हात लावून बघा."

शेठने हात लावला नाही. मास्तर शेजारीच तंबाखू मळत उभा. दादाला सगळ्यांदेखत हाकलून दिलं.

मग दुसरे बीमही तुटायला लागले, तेव्हा पावडर विकणाऱ्याला बोलावलं. तो म्हणाला, "अहो, अमेरिकेचा गॅलन लहान असतो. पावणेचार लिटरच्या जरासा वर. तुम्ही पाणी भलतंच घातलंत." शेठ आणि मास्तर एकमेकांकडे बघून हसले. हसले, हो! वर चहा-भजी मागवली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"शेठ, फिर भाई को बुलाऊँ?" मी विचारलं.

"हां, बुला ले. काम है."

राहनाळला घरी जाऊन दादाला घेऊन आले. त्याच्या लूमवर दुसराच माणूस उभा होता. शेठने सायझिंगच्या कांजीच्या टाकीकडे बोट केलं. उरलेली कांजी आंबून तिच्यात अळ्या वळवळत होत्या. "उतर, साफ कर."

दादाने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरला. काठावरून मास्तर दाखवत होता, कोपऱ्यात राहिलंय, तिकडे राहिलंय. किळस आली मला, अळ्यांची नव्हे.

दादाने वर बघितलं आणि हळूच म्हणाला, "आईला सांग, लूमवर घेतलंय."