पेंढ्याचं रेडकू

शेजारच्या शांताकाकूंच्या म्हशीचं रेडकू महिन्यापूर्वी मेलं. काकूंनी त्याच्या कातड्यात पेंढा भरून घेतला. धारेला बसताना त्या ते म्हशीपुढे ठेवतात. ती चाटत राहते आणि पान्हा सोडते. चाटून चाटून त्याच्या पाठीवरचे केस गेलेत.

"तिला कळत नाही का हो?" मी विचारलं.

"वास लेकराचा आहे ना. अंगाला तेवढं पुरतं," काकू म्हणाल्या.

देवमाशापासून वटवाघळापर्यंत, पिलाला पाजणाऱ्या प्रत्येकीला असंच फसवता येत असेल का? मला काकूंचा रागच आला.

दुपारी ऑफिसात, स्टोअररूमचं दार लावून मी पंप लावला. दूध उतरेना. पर्समधून चार महिन्यांच्या लेकीचं झबलं काढून नाकाशी धरलं, तेव्हा कुठे उतरलं.

आई रोज म्हणते, झबलं मळलंय, धुवायला टाक. मी टाकत नाही.