दिसता कामा नये

आमच्या काकाचं काम म्हणजे थकलेल्या इमारतींना पट्टे चढवणं. बीमला भेगा पडल्या की त्याच्या पोटाला काळं कार्बनचं कापड रेझिनने चिकटवायचं. बीमला पुन्हा बळ येतं. बाकीचे कारागीर तिथेच हात धुवायचे. काका मात्र वरून वाळू मारून, गिलावा करून, छताला जुळणारा रंग देऊन मालकाला बोलवायचा आणि कमरेवर हात ठेवून नाकातून विचारायचा, "बोला साहेब, कुठे केलंय?"

मालक मान दुखेपर्यंत वर बघायचे. "काहीच दिसत नाही हो!"

"दिसता कामाच नये!"

घरात सांडलेला चहा पुसतानाही आम्ही हेच म्हणायचो, काकाच्याच नाकातून.

आत्याच्या घराखालच्या कापडदुकानातला बीमही त्यानेच असा नटवला होता. "दादा, माझ्या पायाखालची काळजी तुझी हं," आत्या म्हणाली होती.

पुढे दुकान गेलं, बेकरी आली. आत्याकडे जाताना काका पाव घ्यायला शिरला आणि वर बघतच राहिला. भट्टी नेमकी त्या बीमखाली! त्याने कोपऱ्यातली काठी उचलून बीम ठोकला. टक टक वाजायला हवं होतं. वाजलं ढब ढब. रोजच्या धगीने रेझिन मऊ पडून पट्टा सुटला होता.

"काका, छत वाजवून पाव मिळत नाही," बेकरीवाला हसला.

"आधी भट्टी विझव. वर माझी बहीण राहते."

सगळं ऐकल्यावर बेकरीवाल्याचा चेहरा पडला. "अहो, भट्टी लावताना चार जणांनी वर बघितलं होतं. काहीच दिसलं नाही हो!"

या वाक्यावर काका आयुष्यभर फुशारला होता. आज तो मटकन पिठाच्या पोत्यावर बसला.

टेकू लागले, भट्टी हलली, आत्या आमच्याकडे राहायला आली. नव्या पट्ट्याला काकाने रंगाऱ्याचा ब्रश लागू दिला नाही. काळाच ठेवला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहिलं: चिकटवलेला पट्टा. आग लांब ठेवा.

"दादा, शी! किती भयाण दिसतंय!"

"दिसू दे."

आता सुट्टीच्या दिवशी काका लाल रंगाचा डबा घेऊन जुनी कामं शोधत फिरतो. इमारती सापडतात, त्यातला आपला बीम सापडत नाही. सगळे सारखेच पांढरेशुभ्र. ठोकून तरी काय कळणार? घट्ट बसलेला पट्टा नुसत्या काँक्रीटसारखाच वाजतो.

परवा एका दवाखान्यात वॉचमनने हटकलं, "काय शोधताय, आजोबा?"

"माझं काम."

वॉचमनने मान वर केली. "कुठे केलंय?"

डबा न उघडताच घरी आला.