माळ्यावर वाळवलेला संगणक

यंत्राला हात लावण्याआधी माणसाने लोखंडाला शरण जावे, असे आमच्या शेजाऱ्यांचे मत होते. खिडकीचा गज धरून ते डोळे मिटत. मला ते अध्यात्म वाटायचे. पुढे कळले, अंगातली वीज उतरवल्याशिवाय संगणकाच्या भागांना शिवायचे नसते. गज लाकडी चौकटीत होता; वीज तिथून पुढे कुठे जाई, हे मी विचारले नाही.

जव्हारच्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचे मामा. मोखाड्याच्या घाटात बस चालवून निवृत्त झालेले. आयुष्यात त्यांनी एकच संगणक जोडला आणि सल्ले सगळ्या गल्लीला दिले. मला म्हणायचे, "मास्तर, संगणकाचा डबा मोठा घ्या. कोंडला की माणूस पण तापतो." किंवा, "जोर लावून बसत नसंल तर उलटं धरलंय समजा. गिअरचं पण तसंच."

हा खटाटोप कशासाठी, ते तुम्ही आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. जुन्या हार्ड डिस्कवर त्यांच्या आईचा आवाज होता. आधी आई गेली, मग तो जुना संगणक. आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

नवे भाग एकेक करून नाशिकहून आले, तोवर पावसाळा लागला. आमच्याकडे तेव्हा भिंतींनाही बुरशी येते. मामांनी सगळे भाग, त्या हार्ड डिस्कसकट, त्यांच्या गावी, जामसरच्या घरी, चुलीवरच्या माळ्यावर नेऊन ठेवले. नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, बियाण्याशेजारी.

"अहो मामा, धुरात?"

"बियाणं ऱ्हातं ना तिथं? कीड लागत न्हाय. मग ह्याला काय धाड भरलीय?"

दिवाळीनंतर काळवंडलेली खोकी खाली आली. जोडणी झाली. बटण दाबण्याआधी मामांनी गज धरला. या वेळी मीही धरला.

पंखा फिरला आणि खोलीभर धुराचा वास सुटला. मी वायर ओढायला धावलो.

"थांबा मास्तर. जळत न्हाय. घरचा हाय."

मग त्या वासातून एक म्हातारा आवाज आला, "आरं, त्यो फोन ठेव बाजूला. आधी जेव."

घाटात धुके उतरल्यावर बघत असतील, तसे मामा पडद्याकडे बघत राहिले.

गेल्या वर्षी मामा गेले. मामींनी संगणक माझ्या टेबलावर आणून ठेवला. "सासूबाई आता तुम्ही सांभाळा, मास्तर."

संध्याकाळी कधी तो सुरू करतो. पंखा हळूहळू चूल पेटवतो, भिंती जरा लांब जातात, कुणीतरी जेवायला बोलावते. मी हातातले काम ठेवतो.

कीड अजून लागलेली नाही.