पडद्यावर न मावलेलं नाव

वर्कशॉपमध्ये तिला सगळे वहिनी म्हणत. मालक तिचा धाकटा दीर. तो वहिनी म्हणायचा, म्हणून सोल्डरिंग करणाऱ्या मुली, पॅकिंगवाले, कुरिअरवाला, सगळ्यांचीच ती वहिनी झाली. पन्नाशीला टेकलेली बाई, चष्मा केसांवर सारून टेबलभर शोधणारी. तिचं टेबल खिडकीपाशी, आणि त्या टेबलाशी आधी तिचा नवरा बसायचा.

वर्कशॉपमध्ये दवाखान्यांसाठी औषधाचे पंप बनत. पेशंटच्या खाटेशेजारी स्टँडवर तो लावायचा, औषध भरलेली सिरिंज त्यात बसवायची, मग तासाला किती औषध शिरेत सोडायचं ते पंप बघतो. पंपाच्या आतला सगळा प्रोग्रॅम तिच्या नवऱ्याने सी भाषेत लिहिलेला. दोघं भाऊ तरुण असताना हा धंदा उभा राहिला. एकाने मशीन बनवायचं, दुसऱ्याने विकायचं.

किडन्या निकामी होऊन नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने तिला शिकवायला घेतलं. दुसरं कोणी मिळत नव्हतं आणि तिचं गणित पहिल्यापासून बरं होतं. तो उशीला टेकून बसायचा, ती मांडीवर लॅपटॉप घेऊन.

"ही भाषा मोलकरणीसारखी नाही की सांगितलं नाही तरी ओटा पुसून जाईल," तो म्हणायचा. "तू सांगशील तेवढंच करणार. नाव ठेवायला जागा हवी, तर किती हवी ते तू मोजून मागायची. मागितली म्हणजे मिळालीच असं धरायचं नाही, मिळाली का ते बघायचं. आणि काम झालं की परत करायची."

"आणि जागा लहान पडली तर?"

"पिठाच्या डब्यात पीठ मावलं नाही तर उरलेलं कुठे ओततेस?"

"दुसऱ्या डब्यात."

"ही शेजारच्या डब्यात ओतते. त्यात साखर असली तरी. आपल्या पंपात नावाच्या शेजारी औषधाचा वेग असू शकतो."

अक्षरांची ओळ कुठे संपते हे मशीनला कळावं म्हणून शेवटी एक शून्य ठेवावं लागतं, त्या शून्यालाही एक जागा लागते, हे त्याने तिच्याकडून इतकं घोटून घेतलं की ती भाजीच्या पिशवीतही वर चार बोटं जागा ठेवायला लागली. अक्षरं एका जागेतून दुसरीकडे उतरवायची जी तयार साधनं भाषेबरोबर येतात, ती त्याला पसंत नव्हती. एक साधन जागा न बघताच ओततं, दुसरं मोजून ओततं पण जागा पुरती भरली तर शेवटचं शून्य ठेवायला विसरतं. म्हणून त्याने स्वतःचं बनवलं होतं. ते जागेपुरतंच नाव घ्यायचं, उरलेलं कापायचं, शून्य न चुकता ठेवायचं आणि मूळ नाव केवढं होतं ते परत सांगायचं. मूळ नाव जागेपेक्षा मोठं निघालं, म्हणजे काहीतरी कापलं गेलंय.

"ते उत्तर बघायचं," तो म्हणायचा. "बघणार नसशील तर त्याला विचारलंसच कशाला?"

तो गेल्यावर ती त्याच्या खुर्चीवर बसली. तिने पंपाला मोठा पडदा बसवला, त्यावर पेशंटचं नाव दिसेल अशी सोय केली. नर्सने पडद्यावरचं नाव पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघायचं, मग 'होय' दाबायचं, तोवर पंप सुरू व्हायचा नाही. दिराने ही गोष्ट दवाखान्यांना फार कौतुकाने सांगितली. सासूबाईंनी त्याहून जास्त. शेजारी कोणी आजारी पडलं की त्या विचारायच्या, "खाटेपाशी पंप आहे ना? मग काळजी नको. माझ्या मुलाचं मशीन आहे ते."

बरीच वर्षं अशी सरळ गेली.

मग मोठ्या दवाखान्यातून तक्रार आली. एका अपघातातले दोन भाऊ एकाच वॉर्डात होते. थोरला दांडगा, त्याला वेदनेवरचं औषध मोठ्या मात्रेत चाललेलं. धाकटा काडीसारखा. सकाळी दोघांच्या खाटा बदलल्या गेल्या, पण डॉक्टरांच्या टेबलावरच्या ज्या कॉम्प्युटरमधून खाटेप्रमाणे पंपांना नाव आणि मात्रा जायची, त्यात बदल कोणी केला नाही. थोरल्याचं नाव आणि मात्रा धाकट्याच्या पंपावर आली. नर्सने 'होय' दाबलं. धाकट्याचा श्वास मंदावत गेला, कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. तो वाचला. पण आता त्याला शब्द सापडत नव्हते. समोरच्या पेल्याकडे बोट दाखवून तो नुसता बघत राहायचा.

नर्स सांगत होती, "मी नाव वाचलं होतं. पट्टीशी ताडूनच बटण दाबलं." पंपाच्या आतली नोंद काढली, तर तिथे थोरल्याचं नाव पूर्ण लिहिलेलं, खाली नर्सने 'होय' दाबल्याची नोंद. मग काय, ती खोटं बोलते असं ठरलं. तिला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

दिराने सुटकेचा श्वास टाकला. "आपलं मशीन बरोबर आहे, वहिनी. नोंदच सांगतेय."

वहिनीच्या मनाला मात्र ते लागून राहिलं. नोंद आणि पडदा, दोघांना नाव वेगवेगळ्या वाटेने मिळतं, हे तिच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. नोंदीचा भाग नवऱ्याचा. तो नावाची लांबी मोजायचा, शून्यासाठी एक धरून तेवढी जागा मागायचा, मिळाली का बघायचा, पूर्ण नाव उतरवायचा आणि जागा परत करायचा. पडद्याचा भाग तिचा. पडद्यावर जागा ठरलेली.

तिने टेबलावरच्या पंपात त्या दोघा भावांची नावं घातली. आधी आडनाव, मग वडिलांचं नाव, मग स्वतःचं. दोघांचं आडनाव एकच, लांबलचक, वडिलांचं नावही तसंच. पडद्यावर दोन्ही वेळा एकच ओळ आली. आडनाव, वडिलांचं नाव, आणि पुढे काही नाही. सांडलं काही नव्हतं, शेजारच्या जागेला धक्का नव्हता, शून्य जागच्या जागी. फक्त ज्याचं नाव होतं तो माणूसच कापला गेला होता.

तिने प्रोग्रॅममधली पडद्याची ओळ उघडली. नवऱ्याचं साधन तिने वापरलं होतं, त्याने सांगितलेलं उत्तर मात्र घेतलं नव्हतं. ओळीवर लिहिल्याची तारीख होती. तिला वाटलं होतं, तो गेला त्या दिवसांतली असेल, डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हाची. तसं काही नव्हतं. तो जाऊन दोन वर्षं उलटून गेल्यानंतरचा, कुठलाही असू शकेल असा एक दिवस होता. त्या दिवशी काय झालं होतं हे तिला काही केल्या आठवेना, आणि तेच तिला जास्त लागलं.

ती दिराच्या केबिनमध्ये गेली, दार लावलं आणि दोन वाक्यांत सांगितलं. तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"नर्सनेही खाटांची अदलाबदल सांगायला हवी होती ना?"

"ती तिची ड्यूटी नव्हती, भाऊजी. तिने नाव वाचलं. आपण तिला अर्धं नाव दाखवलं."

"हे बाहेर गेलं तर दवाखाने आपल्याला दारात उभं करणार नाहीत. तुम्ही रोज त्यांच्यासमोर जाता, तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. तो गेला की वर्कशॉप संपलं." त्याने टोपण खाली ठेवलं. "सांगायचंच असेल तर दादाचं म्हणून सांगू. प्रोग्रॅम त्याचाच आहे म्हणा. तो बिचारा काय बोलणार आहे? आणि तो असता ना, तर वर्कशॉपसाठी स्वतःच म्हणाला असता."

"ते म्हणाले असते, हे खरं," वहिनी म्हणाली. "म्हणूनच नको."

"म्हणजे?"

"त्यांनी मला उत्तर बघायला सांगितलं होतं. मी बघितलं नाही. ह्याचं खापर त्यांच्यावर फोडून मी त्यांच्याच खुर्चीवर कशी बसू?"

संध्याकाळी ती घरी पोचली, तर सासूबाई ताट झाकून बसलेल्या. दिराने फोन केला होता. आईने वहिनीला समजवावं, एवढाच त्याचा हेतू, पण सांगताना दादाचंच नाव तोंडातून गेलं होतं. म्हातारीने दुपारपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं.

"त्याने असं कसं केलं असेल गं?" त्या म्हणाल्या. "लहानपणी पाटी पुसतानासुद्धा कोपरे सोडायचा नाही."

"त्यांनी नाही केलं, आई. ती ओळ माझी आहे. ते गेल्यावर मी लिहिलेली."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. सून आपल्याला धीर देण्यासाठी बोलते आहे की खरं, हे त्या ताडत होत्या. मग त्यांनी ताटावरची झाकणी काढली.

"तुझी आहे होय."

"हो."

"त्याची असती तर मला रडायलाही धड जमलं नसतं." त्यांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "तुझी आहे, तर तू आहेस ना इथे. जेव, आणि उद्या जाऊन सांग. उगाच गोल गोल बोलू नकोस, तुला ती सवय आहे."

दवाखान्यातल्या चौकशीला ती पंप घेऊन गेली. टेबलाभोवती डॉक्टर, मेट्रन, वकील. भिंतीकडेच्या खुर्चीत ती नर्स, मांडीवर पर्स घट्ट धरून. वहिनीने दोन्ही भावांची नावं एकामागून एक पंपात घातली आणि पडदा सगळ्यांकडे फिरवला. मेट्रनने चष्मा लावून पुन्हा वाचलं.

"हे कोणी लिहिलंय?" वकिलाने विचारलं.

"मी," वहिनी म्हणाली. "सिस्टरनी जे दिसलं ते बरोबर वाचलं."

नर्सला कामावर परत घेतलं. दवाखान्याने नवे पंप दुसरीकडून घ्यायचं ठरवलं. दिराने वहिनीशी दोन महिने कामापुरतंच बोलणं ठेवलं, आणि दोन सोल्डरिंगच्या मुलींना त्याला घरी पाठवावं लागलं. त्यांतली एक जाताना वहिनीच्या टेबलापाशी आली, निरोप घ्यायला. वहिनीला तिच्याकडे मान वर करून बघवलं नाही.

जुने पंप मात्र वॉर्डात होतेच. दुरुस्त प्रोग्रॅम घालायला ती स्वतः गेली. आता नाव दोन ओळींत यायचं, आणि तरीही मावलं नाही तर पंप तसं सांगून थांबायचा, सुरूच व्हायचा नाही. वॉर्डात तीच नर्स होती.

"आभार मानू की काय करू, मला कळत नाही," नर्स म्हणाली. ती सिरिंज बसवत होती, वर बघत नव्हती. "घरी बसवलं होतं ना, तेव्हा सगळे इतकं म्हणाले, इतकं म्हणाले, की शेवटी मलाच वाटायला लागलं, आपण वाचलंच नसेल. नवऱ्यालाही तसं सांगून टाकलं मी. म्हटलं, चुकलं माझं."

माफ करा म्हणायला वहिनी आली होती, पण ते त्या वाक्यापुढे फार लहान पडलं असतं.

"बघा बरं, आता दिसतंय का पूर्ण," ती एवढंच म्हणाली.

नर्सने पडद्यावर बोट ठेवलं. आडनाव, वडिलांचं नाव, दुसऱ्या ओळीत पेशंटचं नाव. शेवटच्या अक्षरापर्यंत बोट नेलं. मग पेशंटचा हात उचलून पट्टीवर तसंच बोट फिरवलं. मग परत पडद्यावर. पलीकडच्या खाटेवरून कोणीतरी हाक मारत होतं.

"आले," नर्स म्हणाली, आणि नाव तिसऱ्यांदा वाचायला लागली.