खड्यांचा डबा

आमच्या थोरल्या आईने आपल्या जावयाचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. लेस्टर आला पश्चिमेकडून, लांबच्या वाळवंटातून, आणि ज्या दिवशी तो तिच्या लेकीचा नवरा ठरला त्या दिवसापासून ती त्याला पाठमोरी. सासूने जावयासमोर यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि जावयानेही तसंच वागायचं, ही आमची रीत आहे. ह्यात वैर नाही. उलट मान आहे, आणि तो मान जिच्यामुळे द्यायचा ती मधली लेक. हे मी मुद्दाम आधी सांगते, कारण आमच्याकडे येणारे पाहुणे हे ऐकलं की आधी हसतात आणि मग आपापल्या सासवांच्या तक्रारी सांगत बसतात.

थोरली आई म्हणजे डल्सी, माझ्या आईची मोठी बहीण. आईच्या बहिणी आमच्यात आयाच असतात, म्हणून तिची लेक ती माझी ताई. ताईचं नाव मी घेणार नाही. गेलेल्या माणसाचं नाव आम्ही घेत नाही. तिच्याच नावाची एक पोर आमच्या शाळेत आहे, तिला आता सगळे 'बिननावाची' म्हणून हाक मारतात आणि तीही बिचारी ओ देते.

डल्सीचा कान फार तिखट होता. आम्ही सगळ्या जणी अंगणात शेकोटीभोवती बसलेल्या असायचो, गप्पा रंगलेल्या असायच्या, आणि ती एकदम उठून झाडामागे जायची. आम्हाला काही कळायचं नाही. मग बऱ्याच वेळाने पाण्याचा कॅन घेऊन लेस्टर दाजी रस्त्याने जाताना दिसायचे. धुळीत पडणाऱ्या पावलावरून ती माणूस ओळखायची, आणि ह्या एका पावलाची ओळख तर तिच्या कुत्र्याच्याही आधी तिला पटायची. दाजीही काही कमी नव्हते. वाळूतल्या ठशांवरून सासूबाई कुठे गेल्या ते त्यांना कळायचं, आणि ते ठसे तुडवायला नकोत म्हणून ते गाडीसुद्धा वळसा घालून न्यायचे.

गाडी पाहुण्यांची, म्हणजे पैसे भरून आमचा मुलूख बघायला येणाऱ्यांची. डल्सीच्या वडिलांच्या जमिनीवर डोंगराच्या पोटात एक डोह आहे, तिथे ती पाहुण्यांना न्यायची. आधी एकटीच काठावर जाऊन ओरडून सांगायची, "ही माणसं माझ्याबरोबर आहेत, ह्यांना काही करू नका." कुणाला सांगते असं पाहुणे विचारायचे. "घरच्यांना," म्हणायची, म्हणजे तिथे वसलेल्या आमच्या वाडवडिलांना. मग ओल्या हाताने एकेकाचं डोकं चोळायची आणि तेव्हा कुठे त्यांना पाण्याजवळ सोडायची. नको त्या खडकावर कुणी बूड टेकलं की अशी खेकसायची की तो माणूस दिवसभर उभाच राहायचा. पुढे पहारीने जमीन खणून पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या काढून खायला द्यायची. एका बाईने विचारलं, "तुम्ही रोज हेच खाता का?" डल्सी म्हणाली, "छे. आम्ही सॉसेज खातो. हे तुमच्यासाठी."

गाडी चालवायचे लेस्टर दाजी. त्यांच्या सीटमागे डल्सीने फुलाफुलांच्या चादरीचा पडदा शिवून टांगला होता, आणि आतला आरसा दाजींनी आभाळाकडे वळवून ठेवला होता. सहलीच्या पत्रकांवर डल्सीचा फोटो होता, म्हणून पत्रकांचे गठ्ठे ते पालथे ठेवायचे. बोलणं चालायचं ताईमार्फत. लेकी बोले सुने लागे म्हणतात तसंच, फक्त इथे लागायचं जावयाला. "अगं ए, तुझ्या नवऱ्याला म्हणावं, खड्डे दिसत नाहीत का? की डोळे माहेरी ठेवून आलाय?" पडद्यापलीकडून दाजी ताईलाच सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, खड्डे सरकारने केलेत, मी नाही." मध्ये बसून ताई पोट धरून हसायची. निरोप द्यायची गरजच नसायची, तरी ती दोन्हीकडे तो पुन्हा सांगायची आणि त्यात आपल्या पदरचं थोडं घालायची.

मग तिची मूत्रपिंडं गेली. आमच्यात ती जातातच कुणाची ना कुणाची, त्याचं कुणाला नवल वाटत नाही, आणि राग यावा इतकी ताकदही कुणात उरलेली नाही. रक्त धुवायचं यंत्र अॅलिसला, म्हणजे शहरात, अर्ध्या दिवसाच्या रस्त्यावर. ताईला तिथे भाड्याच्या खोलीत राहावं लागलं. इथे सासू-जावयांच्या मध्ये उरला सार्जंट, डल्सीचा कुत्रा. "सार्जंट, पुढचं टायर बसलंय म्हणावं." दाजी पाठमोरेच म्हणायचे, "सार्जंट, पंप कुणाच्या भावाने नेला ते विचार." त्या कुत्र्याइतक्या शिव्या कुठल्या जावयाने खाल्ल्या नसतील.

पाहुणे पाठवणारी कंपनी शहरातली, गाडीही तिचीच. तिची बाई ब्रॉनविन, टोपी मोठी आणि हसू त्याहून मोठं. तिने एकदा हा कुत्र्याचा निरोप बघितला आणि तिचे डोळे चमकले. त्या वर्षी पाहुणे कमी झाले होते. गाडी दुसऱ्या वस्तीला द्यावी असं वर चाललंय, असं ती सहज सांगितल्यासारखं दोनदा सांगून गेली. आणि गाडी गेली म्हणजे ताई गेली. कारण शनिवारी, यंत्राच्या दोन पाळ्यांमधल्या दिवसांत, दाजी त्याच गाडीने ताईला घरी आणायचे. एक रात्र ती आपल्या जमिनीवर झोपायची. बाकी आठवडा ती त्या एका रात्रीसाठी काढायची.

"डल्सी, तुम्ही दोघं जे एरवी करता तेच करायचं," ब्रॉनविन म्हणाली. "फक्त पाहुण्यांना दिसेल असं."

"म्हणजे कसं?"

"लेस्टर चहा घेऊन येणार, तू पटकन झाडामागे. पण मागच्यांना कळत नाही गं तो कधी येतो ते. त्याच्या हातात काहीतरी वाजतं दे."

ते वाजतं म्हणजे दुधाच्या पावडरीचा डबा. त्यात डोहाकाठचे खडे घातले. दाजी डबा खुळखुळवत यायचे, डल्सी लगबगीने झाडामागे पळायची, मुद्दाम टोपी पाडायची, पाहुणे हसायचे, फोटो काढायचे. मीही हसले आहे. पहिल्यांदा तर खूपच. दाजी आधी कानकोंडे व्हायचे, पुढे तेही सरावले. एकदा डबा वाजवून आलेच नाहीत, डल्सी उगाच झाडामागे उभी राहिली आणि पाहुण्यांची हसून मुरकुंडी वळली. मग ते रोजच तसं करायला लागले.

एका शनिवारी ताई गाडीत बसून हे सगळं बघत होती. पायांना सूज होती म्हणून उतरली नाही. पाहुणे चहाला वळले तेव्हा डल्सी कौतुकाने तिच्याकडे गेली.

"कसं झालं गं?"

"बंद कर, आई."

"अगं खेळ आहे तो."

"कुणाच्या जिवावर? तुमच्यातली ती लाज माझी आहे. तुझी नाही, त्यांची नाही. मी मध्ये आहे म्हणून ती आहे. आणि तुम्ही दोघं ती चहाबरोबर वाढताय."

"तू शनिवारी घरी येतेस ती कशावर येतेस?" डल्सी तडकली. "ह्या खेळावर येतेस. चालत येणार होतीस?"

ताईने काच वर केली. मला तेव्हा थोरल्या आईचंच पटलं होतं, आणि आजही ती काही खोटं बोलली असं मला वाटत नाही. ब्रॉनविनने गाडी खेळाशिवाय ठेवली असती तर डल्सीने कधी कुणासमोर टोपी पाडली नसती. पण पोट धरून हसणाऱ्यांना हे कुठे ठाऊक असतं, आणि ठाऊक असतं तरी ते हसलेच असते.

पुढच्या हिवाळ्यात मी एक बघितलं आणि सोडून दिलं. आम्ही शेकोटीशी बसलो होतो. सार्जंट उठला, शेपूट हलवायला लागला, आणि डल्सी भाकरीवरची राख झटकत तशीच बसून राहिली. दाजी कोपऱ्यावर आले. मी घाईघाईने तिच्या डोक्यावरून घोंगडी टाकली.

"काय गं?" ती आतून म्हणाली.

"दाजी."

"बाई बाई. ऐकूच नाही आलं," म्हणाली आणि स्वतःशीच हसली. वय झालं, असं आम्ही धरलं.

वसंतात ताईला ताप भरला. यंत्राची नळी घातलेल्या जागेतून विष अंगात गेलं असं म्हणाले. मी आणि थोरली आई तिच्याजवळ इस्पितळात होतो. डल्सी पलंगाच्या कडेला बसून तिचे पाय चोळत होती. दाजी डोहावर पाहुण्यांना घेऊन गेलेले. निरोप मिळाल्यावर ते पाहुण्यांना रस्त्यावरच्या हॉटेलात उतरवून थेट निघाले होते.

इस्पितळाच्या फरशीवर धूळ नसते. कंपनीने दिलेले त्यांचे रबरी बूट वाजत नव्हते. पण एरवी सासू असेल तिथे जाताना दाजी लांबूनच खाकरायचे, बाहेर थांबायचे, आतून कुणीतरी "या" म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायचे नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांनी हे चुकवलं नव्हतं. आता मात्र बरेच दिवस त्यांच्यासाठी डबा खाकरत होता. ते सरळ आत आले.

डल्सीने मान वर केली आणि दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

मी खिडकीशी होते. ओरडायला हवं होतं, चादर टाकायला हवी होती, पण माझे हातपाय हलेनात. तीही हलली नाही आणि तेही हलले नाहीत. दोघंही डबा वाजायची वाट बघत होती, मला आजही तेच वाटतं. दाजींच्या चेहऱ्यावर आधी भीती नव्हती. आश्चर्य होतं. कारण डल्सीचा चेहरा म्हणजे ताईचाच चेहरा, फक्त म्हातारा. बायको म्हातारी झाल्यावर कशी दिसली असती ते त्यांना त्या दिवशी कळलं.

ताई जागी होती. तिने एकदा आईकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे. मग सलाईनची सुई टोचलेला हात तिने उचलला आणि चादर तोंडावर ओढून घेतली.

दाजी उलट्या पावलांनी बाहेर गेले. डल्सी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण आता त्याचा काय उपयोग. "पोरी," ती म्हणत राहिली, "पोरी, अगं." मी पाणी दिलं तर ताईने चादर जरा उचलून माझ्या हातून घेतलं आणि पुन्हा ओढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. नर्स आली आणि चादर तोंडावरच होती हे बघून, आम्हीच ती ओढली असं समजून, तिने ती फक्त कडेने सारखी केली. चांगली मुलगी होती.

घरी येताना डल्सी एकच वाक्य बोलली. "डबा कुठे वाजला?"

ताईच्या वावराच्या सगळ्या जागा आम्ही रीतीप्रमाणे बंद केल्या. घर सोडलं, डोह बंद केला, पानं जाळून धूर केला. गेलेल्यासाठी सगळे एकत्र बसून रडतात त्या तळावर दाजी लांब पलीकडच्या टोकाला होते. त्यांनी दगडाने स्वतःचं डोकं फोडून घेतलं. तेवढं आमच्यात करतात, पण त्यांना थांबवायला तिघे जण लागले. मग एका सकाळी ते पश्चिमेला निघून गेले. गाडीची किल्ली सार्जंटच्या गळ्यात बांधलेली सापडली. निरोप कुणाला होता ते कुत्र्यालाही कळलं. तो डल्सीपुढे जाऊन बसला. तिने किल्लीला हात लावला नाही.

ब्रॉनविन फुलं घेऊन आली. रडलीसुद्धा, खोटी नव्हती रडत. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "डोह कधी उघडेल, साधारण?"

"उघडेल तेव्हा."

"पाहुण्यांनी पैसे भरलेत, जनेल. त्यांना काय सांगू?"

"सांगा, माणूस मेलंय. सॉसेज खा म्हणावं."

ती काही मुद्दाम वाईट वागली असं मी म्हणणार नाही. तिने तोड काढली, एवढंच. आता पाहुणे डोहावर जात नाहीत. गाडी मोठ्या रस्त्यावरच्या शेडपाशी थांबते. तिथे दुसरीकडून आणलेले दोघं जण असतात, एक म्हातारी आणि एक तरुण. नात्याने एकमेकांचे कुणी नाहीत. डबा मात्र तोच आहे, आमच्याच डोहाचे खडे घातलेला. गाडीत पडून होता, कंपनीने गाडी नेली तिच्याबरोबर गेला. म्हातारी झाडामागे पळते, टोपीही पाडते. हे तिला कुणी शिकवलं कोण जाणे.

डल्सी आता कुणाला कुठे नेत नाही. अंगणात बसते, सार्जंट शेजारी. मी भाकरी नेऊन देते, ती अर्धी त्याला घालते. शेड तशी लांब, पण वारा पडलेला असला की डब्याचा आवाज वस्तीपर्यंत येतो. तो आला की ती हातातलं टाकते, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढते आणि उठून रस्त्याकडे पाठ करून उभी राहते. गुडघे दुखतात तरी उभी राहते. टाळ्या थांबेपर्यंत.

न राहवून मी एकदा म्हटलं, "थोरले आई, तिथे कुणी नाहीय. दाजी गेले. तो कुणी परका पोरगा आहे."

"माहितेय मला," ती रुमालाआडून म्हणाली. "माझ्या पोरीला तेवढं तरी दिसू दे."