काकांच्या गाडीला इंजेक्शन

ठाण्यापासून कल्याणपर्यंत असा एकही गाडीवाला नसेल, ज्याच्या इंजिनाबद्दल माझ्या बायकोच्या काकांचं मत चांगलं आहे. माणसांबद्दल ते सहसा बोलत नाहीत. लग्नाआधी मी पहिल्यांदा शहाडला त्यांच्याकडे गेलेलो, तेव्हा माझं शिक्षण, नोकरी, घरदार यातलं काहीही न विचारता ते थेट माझ्या मोटरसायकलच्या सायलेन्सरमागे उकिडवे बसले, दोन खोल श्वास घेतले आणि आत जाऊन पुतणीला म्हणाले, "मुलगा बरा आहे. पेट्रोल जरा जास्त जाळतो, पण करून टाक लग्न." पुढे लग्नाच्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ते गायब झाले. हॉलचे दिवे गेले, थोड्या वेळाने आले, आणि मग काका मागच्या दाराने फेट्यासकट आत आले. हात कोपरापर्यंत काळे झालेले. जनरेटर आता चांगला चालतोय, एवढंच त्यांनी सांगितलं.

तरुणपणी काकांनी मोटारींच्या रॅल्यांमध्ये गाडी पळवलेली. घरची भातशेती होती, तिच्यावर आता इमारती उभ्या आहेत. पण मधोमध एका तुकड्यावर पत्र्याची शेड आहे आणि ती काढायला काका तयार नाहीत. बिल्डर विचारायला आला की "तिथे गाडी राहते," एवढं म्हणून ते चहा मागवतात. ही तीच रॅलीची गाडी. दर रविवारी तिचा कार्बोरेटर उतरवून जेवणाच्या टेबलावर उघडला जायचा, त्यातले बारीक भोकांचे पितळी जेट स्टीलच्या वाटीत पेट्रोलमध्ये भिजत पडायचे, आणि आलेल्या पाहुण्यांना ताटं मांडीवर घेऊन जेवावं लागायचं. आजकालच्या गाड्यांना कार्बोरेटर नसतो, कॉम्प्युटर मोजून पेट्रोल फवारतो, त्याला इंजेक्शन म्हणतात, असं मी एकदा सुचवून पाहिलं. काका म्हणाले, "जावईबापू, इंजेक्शन आजारी माणसाला देतात. माझी गाडी ठणठणीत आहे."

तर अशा माणसाने स्वतःहून गाडीला इंजेक्शन बसवायला काढलं, त्याला कारण काकी. जुन्या रॅलीवाल्यांनी माळशेजच्या पायथ्यापर्यंत एक फेरी ठरवली. अट एकच, नवरा-बायकोने एका गाडीत बसून यायचं. काकींनी ऐकताक्षणी सांगितलं, "मी नाही बसणार. त्या पेट्रोलच्या वासाने माझं डोकं उठतं." काका म्हणाले, "कुठे येतोय वास?" हा वाद जुना होता आणि दरवेळी इथेच थांबायचा. पण त्या दिवशी शेडमध्ये काका माझ्याशी हळू आवाजात बोलले. "वासाचं निमित्त आहे हो. तिला माझ्याबरोबर यायचंच नाहीये." हे बोलताना ते माझ्याकडे नाही, हातातल्या पान्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही कॉम्प्युटरमध्ये ना? मग लागा कामाला."

मी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात लोकांच्या रजांचा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. हे काकांना सांगून पाहिलं. "कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर," ते म्हणाले. ऑफिसजवळच्याच एका वर्कशॉपमध्ये सायलेन्सरच्या पाइपाला भोक पाडून धूर तपासणारा सेन्सर बसवायचा होता, तर काका अख्खा पाइप मांडीवर घेऊन शहाडहून रिक्षाने आले. टाकीत नवा पंप बसला, इंजिनावर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बसले, सीटखाली कॉम्प्युटर गेला. कार्बोरेटर काकांनी पुसून टॉवेलात गुंडाळला. पहिल्यांदा चावी फिरवली तर गाडी चोक न ओढता, न कुरकुरता, एका झटक्यात सुरू झाली. काकांचा चेहरा पडला. "एवढं सोपं?" ते म्हणाले.

मग ट्यूनिंगसाठी आंबिवलीच्या रस्त्याला निघालो. काका चालवत होते, मी शेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन. थोडं पुढे गेल्यावर पेट्रोलचा वास यायला लागला. मला वाटलं, नवीन काम आहे, येत असेल. पण वास वाढतच गेला, डोळ्यांत पाणी यायला लागलं. शेवटी मी म्हणालो, "काका, बाजूला घ्या. इंजिन बंद करा." त्यांनी बॉनेट उघडलं. इंजेक्टरच्या पाइपाचा सांधा सुटला होता आणि पेट्रोल धारेने गरम इंजिनाशेजारी गळत होतं. आम्ही दोघंही दूर झालो. काकांची बोटं भिजलेली होती. त्यांनी ती नाकाशी नेली. मग पुन्हा नेली.

"तुम्हाला वास येतोय?" त्यांनी विचारलं.

"येतोय."

"केव्हापासून?"

"शहाडचा पूल सोडल्यापासून."

काका रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. गाडी दोर लावून ओढत घरी आणली, आणि काकांनी झालेलं सगळं काकींना सांगितलं.

काकींना मात्र नवल वाटलं नाही. "तो मोठा ताप आलेला ना, तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "दूध करपलं तरी चहा छान झालाय म्हणता."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? सगळ्या शहाडच्या गाड्या हुंगत फिरायचात. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू, की अहो, नाक गेलंय?"

त्या तापानंतर काकांनी ज्यांच्या सायलेन्सरमागे बसून निदान केलं, त्या सगळ्यांनी त्याप्रमाणे कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून घेतले होते. कोणाचीच तक्रार आली नव्हती. पण हे बोलायची ती वेळ नव्हती. काका म्हणाले, "म्हणजे वास खरंच येत होता." काकी म्हणाल्या, "नाहीतर मी का नको म्हणेन?" यावर काका उठले आणि शेडमध्ये जाऊन सांधा नीट बसवायला लागले. तो घट्ट झाला की नाही हे बघायला त्यांनी काकींना हाक मारली. काकींनी बॉनेटमध्ये वाकून श्वास घेतला आणि पदर खोचत म्हणाल्या, "आता बसेन."

फेरीच्या दिवशी मी आणि बायको आमच्या गाडीतून त्यांच्या मागे होतो. मुरबाडच्या रस्त्याला, इमारती संपून शेतं लागली तिथे, काकांनी अचानक गाडी कडेला घेतली. मला वाटलं, पुन्हा काही गळतंय. धावत गेलो, तर दोघं बांधाशी उभी होती.

"कसला वास येतोय गं?" काका विचारत होते.

"भात कापलाय," काकी म्हणाल्या. "पेंढा ओला आहे अजून. आणि त्या घरात कोणीतरी बोंबील भाजतंय."

काकांनी छाती भरून श्वास घेतला. थोडं थांबून पुन्हा घेतला. बाकीच्या जोड्या हॉर्न वाजवत पुढे निघून गेल्या. काकींनी काकांना निघायला सांगितलं नाही, आणि आम्हीही नाही.